चार बोटं फट

आकाशकंदील उतरला की
आमच्याकडे माळ्यावरून बंब उतरतो.
तांब्याचा, हिरवट डागांचा,
एका अंगाला चेपलेला –
मी सहावीत असताना, माझ्याच हातून.

अण्णा बाजेवर बसून सांगतात, मी करते.
आधी जाळी काढ.
मधल्या नळकांड्यात हात घाल, कोपरापर्यंत.
तिथं गेल्या वर्षीची राख असते, दगड झालेली,
आणि एकदा तर कुंभारीण माशीचं घर,
अख्खं, गोल, कुणी लिंपून दिल्यासारखं.
चिंच लाव. नारळाची शेंडी घे. घास.
तोटी गळते? चाँदपाशाकडं ने.
तो नसला तर पोराकडं देऊ नको, उद्या जा.

मुंजाजी सोनटक्के, परभणी नगरपालिका,
अग्निशमन, एकतीस वर्षं.
शाळेत विचारायचे, वडील काय करतात?
मी म्हणायची, बंबावर असतात.
पोरं हसायची, अंघोळीचं पाणी तापवतात का?
घरी येऊन रडले तर अण्णा म्हणाले,
बरोबरच आहे की.
एका बंबात आत विस्तव, भोवती पाणी.
दुसऱ्यात आत पाणी, भोवती विस्तव.

बंब झाला की घर.
गॅसच्या नळीवरचं साल वाच. मोठ्यानं वाच.
रॉडच्या प्लगचं भोक काळं पडलंय का बघ.
रॉड चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही
(मी घालते, त्यांना माहीत आहे).
पऱ्हाट्या भिंतीपासून लांब रच.
आणि जा, बिभीषणला सांग,
बैठकीत कापूस पंख्याला टेकलाय तुझ्या,
बिडी ओट्यावर ओढ.
सांगितलं, मी म्हणते.
काय म्हणाला?
हसला.

अण्णा गप्प बसतात.
कापसाची आग वरून विझते,
आत चार दिवस जागी असते –
हे ते एकदाच बोलले होते,
जिनिंगवरून आल्यावर, जेवताना,
आणि ताट सरकवून उठले होते.

आता त्यांना वास येत नाही.
कधीपासून, ते सांगितलं नाही.
दूध करपलं तेव्हा मला कळलं,
शेगडीपासून हातभर अंतरावर
ते पेपर वाचत बसले होते.
तेव्हापासून रात्री दोनदा हाक येते,
द्वारके, वास येतोय का गं कशाचा?
मी अंधारात नाक वर करते.
गोधडीचा येतो. तुमच्या बामचा.
जळायचा नाही.
नीट घे.
मी नीट घेते.

परभणीचा पारा पाचाखाली गेला की
पेपरात आकडा येतो
आणि आमच्या गल्लीला उगाच अभिमान वाटतो.
त्या रात्री मी निखाऱ्यांची शेगडी आत घेतली,
दार लावलं, खिडकी लावली,
उंबऱ्याच्या फटीत टॉवेल कोंबला.
अण्णा काठी टेकत आले, टॉवेल ओढून काढला.
धुराला एक भाऊ आहे, म्हणाले.
त्याला रंग नाही, वास नाही,
खोकल्याचीसुद्धा संधी देत नाही.
एका खोलीत चौघं होते. आम्ही दार तोडलं.
जळालेलं काहीच नव्हतं.
उशाशी तांब्या भरलेला, तसाच.
तिथं तुझं नाक न् माझं नाक सारखंच.

मग त्यांनी खिडकीच्या चौकटीत हात आडवा धरला,
चार बोटं मोजली,
खाली बंबाची जुनी तोटी घालून
फळी तिथं अडकवली.
शेगडी मी ओसरीवर नेली. फट राहिली.

रात्रभर वारं माझ्या कानाशी येऊन बसलं.
मी वाट बघत होते हाकेची.
दोन वाजले. आली नाही.
उठून बघितलं –
अण्णा घोरत होते,
कानटोपी नाकाखाली ओढून.

मी तिथंच उभी राहिले
आणि कुणी न विचारता
नाक वर केलं.